पहिलं वळण

सोळा मण्यांची साखळी.
पाच अंशांवर, थंडगार बफरमध्ये
पीळ घ्यायला तयारच नाही.
ब्रनोमधल्या तळघरात यारमिला
तिसऱ्या आठवड्यातही तीच रेघ पाहते:
दोनशे बावीसवर जिथे दरी पडायला हवी
तिथे नुसता उतार, आळसावलेला.

"मधले दुवे बळकट कर," हाव्रानेक म्हणतात,
"अ‍ॅलानिन घाल आणखी."
घातलं. आधी दोन, मग तीन.
साखळी ढिम्म.

शनिवारी ती झातेत्सला जाते, मावशीकडे.
मे महिना. तांबडी माती,
सात मीटर उंच ताणलेल्या तारा,
आणि तारांच्या बुडाशी हॉप्सचे कोंब,
आंधळे, वाऱ्यात चाचपडणारे.
व्लास्तामावशी जुन्या गादीचे तुकडे गुडघ्यांना बांधून
मातीत टेकलेली.
दोन-तीन कोंब निवडायचे, बाकीचे खुडायचे,
निवडलेले तारेभोवती
ऊन फिरतं त्या अंगाने फिरवायचे.
एक वेढा. फार तर दीड.

"आणि पुढचं?"
"पुढचं त्याचं तो बघतो.
आख्ख्या तारेला हात लावायला
मी काय शिडी घेऊन हिंडू?
एकदा वळण लागलं की..."
वाक्य तिथेच टाकून ती पुढच्या तारेकडे सरकते.

परतीच्या बसमध्ये यारमिला बोटांवर मोजते.
घोडं पेंड खातं ते इथे:
पहिल्याचा हात पाचव्याला लागायचा
तर मधल्या तिघांना धरून बसवायला हवं,
तिघांचंही भटकणं संपवायला हवं,
आणि बदल्यात काय, तर हायड्रोजनचा एक बंध.
असला आतबट्ट्याचा व्यवहार कोण करेल?
पण तो एकदा झाला,
की दुसरा सहाव्याला गाठतो तेव्हा
नवा एकच जण वळवायचा उरतो.
तिसरा सातव्याला. पुन्हा एकच.
बसच्या काचेवर तिचं बोट
वर वर चढत जातं.

आरंभी सेरीन. त्याच्या पाठीला प्रोलीन.
"प्रोलीन?" हाव्रानेक चष्मा काढतात. "तो पीळमोड्या?"
खरं आहे. मध्ये घातला तर मोडतो.
ताठ मानेचा, स्वतःच्याच कड्यात अडकलेला,
मागच्याला द्यायला त्याच्याकडे हायड्रोजन नाही.
पण जो दारातच उभा आहे
त्याच्या मागे हात मागणारं असतं कोण?
आणि तिथे तो ताठपणाच उपयोगी,
कारण तो आधीच वळलेला असतो.

(मावशीबद्दलही गावात असंच काहीसं बोलतात.
लग्न मोडलं, भावाशी भागी मोडली,
जिथे जाईल तिथे मोडते म्हणे.
मे महिन्यात मात्र तिला बोलवायला
चार गावांतून माणसं येतात.)

बुधवारी, दुपारच्या कॉफीआधी,
रेघ खाली उतरते.
दोनशे आठवर एक खळगा, दोनशे बावीसवर दुसरा.
यारमिला उठत नाही, कुणाला हाक मारत नाही.
खात्री करायला ती नळी तापवत नेते.
साठ अंश. सत्तर. ऐंशी.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
इथे सुंभ शाबूत, आणि पीळ गेला.
मग थंड करते.
आणि गेलेला पीळ परत येतो,
कुणी न शिकवता,
डोळ्याची पापणी लवायला लागतो
त्याच्या हजाराव्या हिश्श्यात.

रात्री फोनवर ती मावशीला सगळं सांगते.
मावशी ऐकते. मागे रेडिओ चालू.
"कुठल्या अंगाने फिरतात तुझे?"
यारमिला हवेत बोट फिरवून पाहते,
एकदा, पुन्हा एकदा.
"हॉप्सच्या उलट," ती म्हणते.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग: "उलट. बरं.
पण पहिला वेढा घट्ट घातलास ना?"